त्रेचाळीस जणांची एकच झोप

पलंगावर झोपण्याखेरीज काहीही करायचं नाही, असा नियम घरात आला, तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की आपलं आजवरचं आयुष्य बहुतेक पलंगावरच गेलंय. अभ्यास पलंगावर, रुसणं पलंगावर, नखं रंगवणं पलंगावर, आणि वर्गातल्या मुलींच्या नकला तर पलंगावर उभं राहून. नववीतल्या माणसाला घरात स्वतःची म्हणावी अशी दुसरी जागा असते कुठे? त्यातून हा पलंगही अर्धा ताईचा.

"दप्तर उचल," ताई म्हणाली. "कंपास उचल. तो उशीखालचा आरसा पण."

"आरसा काय खातो का तुझी झोप?"

"कागदावर लिहिलंय. पलंग म्हटलं की मेंदूला झोपच आठवली पाहिजे. दुसरं काही नाही."

"आणि बोलायचं असलं तर?"

"ते पण नाही," ताई म्हणाली आणि आरसा तिच्या हातात ठेवून निघून गेली.

हा कागद ताईनं मेडिकल कॉलेजातून आणला होता. ती पहिल्या वर्षाला होती आणि तिच्या वर्गात कोणालाच झोप येत नव्हती. म्हणजे लेक्चरला यायची, ग्रंथालयात यायची, बसमध्ये दांडीला लटकून उभ्यानंसुद्धा यायची. फक्त रात्री अंथरुणावर यायची नाही. तिथल्या मानसोपचार विभागाच्या मॅडमनी मग एक प्रकल्प काढला. गोळी नाही, औषध नाही, नुसत्या सवयी बदलायच्या. रात्री बाराच्या आत पाठ टेकायची नाही. वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. सकाळी सहाला उठायचं म्हणजे उठायचं. दिवसा डुलकीसुद्धा घ्यायची नाही. आणि रोज सकाळी झोपेची वही भरायची.

धाकटीचा या कागदावर फार जीव जडला. तिचं गणित सरळ होतं. ताईला झोप नाही म्हणून ताई थकलेली. थकलेली म्हणून चिडकी. चिडकी म्हणून गप्प. झोप आली की बोलणं येईल. कॉलेज सुरू होण्याआधी दिवे गेल्यावर दोघींचं जे काही चालायचं, त्याला बाबा 'आकाशवाणी' म्हणायचे आणि भिंतीवर टकटक करून बंद पाडायचे. आता वर्ष होत आलं, बाबांना टकटक करावी लागली नव्हती. ताई घरातच होती, हातभर अंतरावर झोपत होती, आणि धाकटीला तिची आठवण येत होती. परगावी गेलेल्या माणसाची आठवण येते हे लोकांना सांगता तरी येतं. शेजारी झोपलेल्या माणसाची येते, हे सांगायचं कुणाला?

उपचार सुरू झाला आणि पहिल्याच रात्री दिसून आलं की मॅडमना अशा दोन खोल्यांच्या घरांची कल्पना नसावी. वीस मिनिटं झाली, ताई उठली आणि नियमानुसार 'दुसऱ्या खोलीत' गेली. दुसऱ्या खोलीत आई-बाबा झोपले होते. म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसली. स्टूल करकरलं. आईला वाटलं पोर भुकेली आहे. तिनं उठून दूध तापत ठेवलं. दुधाच्या वासानं बाबा उठले आणि दिवा कोणी चालू ठेवला याची चौकशी करायला आले. दूध उतू गेलं. एका माणसाचं जागरण अशा रीतीनं चौघांत सारखं वाटलं गेलं, आणि सकाळी सहाला बाबांनी ताटावर चमचा वाजवून सगळ्यांना उठवलं, कारण नियम क्रमांक तीन त्यांना मनापासून आवडला होता.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना कळलं. कसं कळलं हे विचारण्यात अर्थ नाही; आई भाजी आणायला गेली होती एवढं पुरे.

खालच्या मजल्यावर केमिस्ट काका राहत. गोळ्या विकून विकून त्यांना आपण तीन चतुर्थांश डॉक्टर असल्याची खात्री झाली होती. स्वतः ते दुकानात काउंटरवर डोकं टेकवून दुपारभर घोरत आणि गिऱ्हाइकाला घंटी वाजवावी लागे, त्यामुळे झोप या विषयात त्यांचा शब्द वजनदार होता. त्यांनी ताईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "पाय गरम पाण्यात. घोटा बुडेपर्यंत. रक्त खाली उतरलं की डोकं रिकामं होतं."

"काका, आम्हाला रक्ताभिसरण शिकवून झालंय," ताई म्हणाली.

"शिकवलं असेल गं. उतरवलंय का?"

ताई बादलीत पाय घालून बसली. बसली ती अर्थातच नोट्स घेऊन, आणि अर्थातच तिथे तिला डुलकी लागली. मूत्रपिंडाचं सबंध प्रकरण बादलीत गेलं. धाकटीनं पानं दोरीवर वाळत घातली. वाळल्यावर दोन्ही मूत्रपिंडं कलिंगडाएवढी झाली होती. पूर्वी असं झालं असतं तर ताईनं त्या मूत्रपिंडाला नाव ठेवलं असतं, त्याचं लग्न लावलं असतं, आणि दोघी पोट धरून लोळल्या असत्या. आता तिनं फक्त पानं मोजून घेतली.

वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू तर मनानं फारच चांगल्या. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की एकसारख्या आवाजानं माणूस झोपी जातो. आई नको म्हणायच्या आत त्यांनी ठरवून टाकलं, "बारा वाजता मी मशीन चालवीन. माझं काय, उशांचे अभ्रे पडलेच आहेत. पोरीची परीक्षा आहे, एवढं करायला नको?" आणि रोज बारा वाजून दहा मिनिटांनी डोक्यावर मशीन सुरू व्हायचं. आईनं दोनदा सांगून पाहिलं, पण काकूंना वाटलं आई संकोचतेय, म्हणून त्यांनी चादरीही शिवायला घेतल्या.

पण खरं संकट वरून आलं नाही, कॉलेजातून आलं. झोपेची वही ताईनं आठवडाभर उघडलीच नव्हती. कोरी वही देणाऱ्याला प्रकल्पातून काढू, असा निरोप आला. "काढू देत," ताई म्हणाली आणि झाकण न लावताच डबा घेऊन पळाली.

धाकटीनं पुन्हा गणित मांडलं. प्रकल्प गेला तर झोप गेली, झोप गेली तर बोलणं गेलं. तिनं वही उघडली. आडवे कधी झालात, झोप कधी लागली, जाग कितीदा व कशानं, उठल्यावर कसं वाटलं, झोप न लागण्याचं कारण, स्वतःच्या शब्दांत. शेवटी घरातल्या साक्षीदाराची सही. सही तिनं नुकतीच नवीन बसवली होती, दोन वेटोळी आणि खाली एक रेघ, आणि ती वापरायला अजून एकही कागद मिळाला नव्हता. तिनं पेन उचललं.

ताईला विचारून विचारून, म्हणजे दात घासणाऱ्या माणसाच्या मानेच्या हालचालींवरून, तिनं पहिला आठवडा भरला आणि शाळेतून येताना विभागात नेऊन दिला. तिथले कारकून वहीकडे न बघता बघत होते. त्यांनी पानं मोजली, शाई उजेडात धरली आणि म्हणाले, "काळी आहे. निळी लागते."

"झोपेला काय फरक पडतो?"

"झोपेला नाही पडत. मला पडतो."

निळ्या शाईनं सगळं पुन्हा लिहून नेलं. आता म्हणाले, दोन रकाने रिकामे आहेत. धाकटी म्हणाली, त्या रात्री जाग आलीच नव्हती. कारकून म्हणाले, आली नव्हती तर आली नव्हती, पण रकाना रिकामा चालत नाही. भरलेला पाहिजे. कशानं भरलाय ते त्यांच्या खात्यात येत नाही. "वाचतं कोण?" ते म्हणाले, आणि जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली.

हे शेवटचं वाक्य धाकटीनं नीट लक्षात ठेवलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

कारण दुसऱ्या आठवड्यात, बादली, दूध, अभ्रे या सगळ्यांना न जुमानता, ताईला झोप लागायला लागली. बाराला पाठ टेकली की बारा-पाचला श्वास संथ. मशीन सुरू व्हायच्या आत ती गाढ. सकाळी ताटावर चमचा वाजला की एका हाकेत उठायची, चेहरा ताजा, वेणी घट्ट. धाकटी न्याहारीला समोर बसून वाट पाहायची. आता बोलेल. पोळीचा पहिला घास झाला की बोलेल. ताई पोळीची गुंडाळी करायची, पुस्तक काखेत मारायची, "येते गं," म्हणायची आणि जायची. सोमवारी गेली. मंगळवारीही गेली. झोप आली होती आणि बोलणं आलं नव्हतं. गणित चुकलं होतं, आणि कुठे चुकलं हे उत्तरपत्रिका परत न मिळाल्यामुळे कळत नव्हतं.

आता वहीत काय लिहायचं? झोप न लागण्याचं कारण ताईकडे उरलंच नव्हतं आणि रकाना रिकामा चालत नव्हता. धाकटी मात्र रोज टक्क जागी. मग तिनं स्वतःचंच भरलं. वेळा स्वतःच्या, जाग स्वतःची, कारणं स्वतःच्या शब्दांत. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, खाली वेटोळ्यांची सही. वाचतं कोण?

सोमवारी सकाळी ताईनं वही दप्तरात टाकली, उघडूनही पाहिली नाही, आणि कॉलेजात लेक्चरला जाऊन बसली. तिच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे झेरॉक्स म्हणत. मेडिकलच्या मुलांना जन्मभराची एक सवय असते: प्रॅक्टिकलची जर्नल एकानं लिहायची आणि बाकीच्यांनी तिच्यावरून उतरवायची. बेडूक एकच कापला जातो, पण नोंदी शंभर निघतात. झेरॉक्स ही त्या सवयीची मध्यवर्ती कचेरी होती.

"झोपेची पूर्ण आहे का तुझी?" त्यानं विचारलं.

"असेल," ताई म्हणाली आणि वही दिली.

लेक्चर पाऊण तासाचं होतं. पाऊण तासात त्रेचाळीस वह्या पूर्ण झाल्या.

बुधवारी घरी फोन आला. आईनं घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "साक्षीदाराला घेऊन या म्हणतायत. कुणाचा अपघात झालाय गं?"

शाळेच्या गणवेशात, दप्तरासकट, धाकटी मॅडमच्या खोलीत उभी राहिली तेव्हा तिथे ताई आणि झेरॉक्स आधीच भिंतीला टेकून होते. टेबलावर वह्यांचे दोन ढीग. मॅडम बारीक अंगाच्या होत्या, आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढे झुकावं लागे.

"ही सही तुझी?"

"हो."

"ही?" त्यांनी दुसरी वही उघडली. "आणि ही? ही?"

धाकटीनं पाहिलं. तिची नवी कोरी सही त्रेचाळीस ठिकाणी होती. काहींनी एकच वेटोळं काढलं होतं. एकानं तर रेघ वर काढली होती. तिला इतका राग आला की भीती वाटायची राहून गेली. "ही बघा, ही अगदीच वाईट काढलीये," ती म्हणाली.

"ती माझी," झेरॉक्स म्हणाला. "घाई होती."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही कुठे राहता?"

"वसतिगृहात. चौथा मजला. सगळ्यात वरचा."

"बारा वाजून दहा मिनिटांनी तुम्हाला वरच्या काकूंच्या शिलाई मशीननं जाग आली, असं लिहिलंय. काकू गच्चीवर शिवतात का?"

झेरॉक्सनं यावर विचार केला. "मॅडम, खरं सांगू का, वाचलं नव्हतं. नुसतं उतरवलं."

"ते दिसतंय. गेल्या बुधवारच्या रात्री त्रेचाळीस जणांना जाग आहे. कारणही एकच." मॅडमनी वही डोळ्यांजवळ धरली. धाकटीला तेव्हा कळलं काय होणार आहे. तिनं हात पुढे केला, पण टेबल रुंद होतं. मॅडम हळू आवाजात वाचत होत्या. "ताईला सांगायचं होतं की शाळेतून वक्तृत्व स्पर्धेला माझी निवड झाली. पलंगावर बोलायचं नाही आणि पलंगाबाहेर ती नसते." पान उलटलं. "शुक्रवार. स्पर्धा झाली. तिसरी आले. अजून सांगितलं नाही."



"अभिनंदन," मॅडम झेरॉक्सला म्हणाल्या. "तिसरे आलात."

झेरॉक्स हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तो खाली बघत राहिला. ताई मात्र धाकटीकडे बघत होती, आणि असं बघत होती की धाकटीनं दप्तराचा पट्टा उगाचच सोडून पुन्हा लावला.

"कधी झाली स्पर्धा?" ताईनं विचारलं.

"शुक्रवारी. लिहिलंय ना त्यात."

"मी घरी होते शुक्रवारी."

"जेवायला होतीस."

मग मॅडमनी धाकटीला खुर्ची दिली आणि सरळ विचारलं की वहीत झोप कुणाची आहे. धाकटीनं सांगून टाकलं. पहिला आठवडा ताईचा, दुसरा आपला. ताई बारा-पाचला झोपते. रकाना रिकामा चालत नाही.

"म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "माझ्या प्रकल्पात एकच मुलगी बरी झाली आणि तिची नोंद नाही. बाकी त्रेचाळीस नोंदी आहेत त्या जिच्या आहेत, ती प्रकल्पात नाही." त्यांनी कपाळ चोळलं. या मॅडमना स्वतःला झोप कशी लागत असेल, असा प्रश्न धाकटीच्या मनात आला, पण तो विचारण्याइतकी ती अजून धीट झाली नव्हती.

शिक्षा झाली. त्रेचाळीस जणांनी वह्या पहिल्यापासून लिहायच्या, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या कारणांसकट. त्यातले निम्मे कारण शोधताना रात्री जागे राहिले म्हणतात. ताईला मॅडमनी प्रकल्पात ठेवलं, पण एक सबंध आठवडा रोज विभागात येऊन त्यांच्यासमोर वही भरायची. धाकटीचं नाव प्रकल्पात घालायला त्या कारकुनांकडे वळल्या, तर कारकून दारातूनच म्हणाले की ही इथली विद्यार्थिनी नाही, हिला घालायला रकाना नाही.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "हिला वही नकोच. बाळ, रोज संध्याकाळी वीस मिनिटं काढायची. पलंगापासून लांब, खुर्चीवर बसून. मनात साठलेलं सगळं तिथे बाहेर काढून ठेवायचं, म्हणजे ते रात्री बरोबर येत नाही. बोलायला कोणी नसलं तर कागदावर लिहिलंस तरी चालतं."

"कागदावर नको," ताई म्हणाली. "मी बसेन."

बसस्टॉपवर धाकटीला वाटत होतं, आपलं आतलं त्रेचाळीस अनोळखी हातांनी लिहून काढलंय आणि त्यातल्या एकालाही ते कळलेलं नाही. ताईला काय वाटत होतं, कोण जाणे. बस आल्यावर तिनं धाकटीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि उतरेपर्यंत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाची वेळ ठरली. स्वयंपाकघरातली दोन स्टुलं समोरासमोर. धाकटी सहा वाजल्यापासून बसली होती. वर्षभराचं साठलेलं वीस मिनिटांत कसं बसवायचं म्हणून तिनं आठवीपासूनचे मुद्दे काढले होते: मुख्याध्यापकांचा विग, मैत्रिणीशी भांडण, मैत्रिणीशी समेट, तिच्याशीच पुन्हा भांडण, एक फार खाजगी मुद्दा, आणि स्पर्धा. ताई अकरा मिनिटं उशिरा आली. अंगाला औषधाचा वास, हातावर बॉलपेननं काढलेल्या कुठल्याशा नसा.

"बोल, टिल्लू."

या नावानं तिला वर्षभरात कोणी हाक मारली नव्हती. धाकटीनं मुद्द्यांचा कागद उलटा ठेवला आणि एकदम स्पर्धेवरच उडी घेतली. मंच केवढा होता, माईक कसा खाली सरकत होता, तिच्या आधीच्या मुलानं भाषण विसरून सभेला पाढे कसे म्हणून दाखवले. हात हलवत, आवाज बदलत, ती चांगली रंगात आली. माईक सरकायचा तो भाग करून दाखवायला ती वाकली, वर आली, आणि पाहते तर ताईची मान भिंतीला लागली होती. तोंड थोडंसं उघडं. श्वास संथ.

ओट्याजवळून आईनं बोट ओठांवर ठेवलं. "झोपू दे गं तिला. दमून आलीये."

धाकटी उभी राहिली. या माणसाला झोप लागावी म्हणून तिनं काय काय केलं नव्हतं. लागलेली झोप मोडायची म्हणजे पापच. पण आणखी पाच मिनिटं उरली होती. तिनं मनात दहापर्यंत मोजायचं ठरवलं. सात आकड्यावरच ती पुढे झाली आणि तिनं ताईला कोपरानं ढोसलं.

"दिवसा डुलकी घ्यायची नाही. कागदावर लिहिलंय."

"नव्हते झोपले."

"मग मी काय सांगत होते?"

ताईनं एक डोळा उघडला. "परीक्षक... काहीतरी म्हणाले."

"परीक्षक अजून आलेच नाहीत."

ताईनं उठून नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं, ओढणीनं पुसलं आणि स्टूल पुढे ओढून इतकी जवळ येऊन बसली की दोघींचे गुडघे एकमेकांना लागले. "नाही ऐकलं गं मी," ती म्हणाली. "परत सांग."

बाबा दारात आले आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवलं. ताईनं त्यांच्याकडे न बघताच पायानं दार लोटून दिलं.

"मंचाला तीन पायऱ्या होत्या," धाकटीनं सुरू केलं.